चौक्याचा चढ

गाडी दुसऱ्यांदा बंद पडली ती शुक्रवारी, चौक्याच्या अलीकडच्या चढावर. ह्यांनी किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. इंजिन नुसतं खोकल्यासारखं करायचं आणि गप्प व्हायचं. मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसलेल्या सुभद्रावयनी शांतपणे म्हणाल्या, "पुरे झाला आता."

मला वाटलं, बसून बसून अवघडल्या. मी म्हटलं, "वायच खाली उतरतास? झाडाखाली वारो आसा."

"उतरूचा नाय नि काय नाय. गंगाराम, गाडी सुरू झाली की वळव. माका घराक नी."

"वयनी, असा काय करतंस? अजून टायम आसा. थंड झाली की सुरू होता ती."

"सुरू झाली तरी वळव. मंगळवारी चढ संपताना आडली, आज चढ सुरू होताना. फुडल्या वेळाक दारातच आडात. देवान आणखी कसा सांगूचा?"

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. ह्यांनी गाडी वळवली आणि ती आमच्या अंगणापर्यंत एकदाही न अडता आली.

"बघलंस?" उतरताना वयनी म्हणाल्या. त्यांची खात्रीच पटली.

सुभद्रावयनी माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले भावोजी केव्हाच गेले, मुलगा अजय मुंबईला असतो. वयनींची मूत्रपिंडं थकली म्हणून गणपतीपासून त्यांचं डायलिसिस सुरू आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी, ओरोसला. आमच्या वायरी गावाहून तिथपर्यंत आम्ही त्यांना आमच्या जुन्या गाडीतून नेतो. गाडी हे चालवतात. हे म्हणजे माझे यजमान, वयनींचे धाकटे दीर. वयनी लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हे अर्ध्या चड्डीत फिरत होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्यावर ह्यांच्या डोक्याला तेल लावणं, शाळेत धाडणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं वयनींनी केलं. म्हणून त्या ह्यांना नावाने हाक मारतात, आणि अजूनही कान धरल्यासारख्या बोलतात.

दिवाळीनंतर गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला होता. मला तो नुसता नाकाला जाणवायचा. वयनींचं पोट आधीच ढवळलेलं असायचं, त्यांच्या तो डोक्यात जायचा. कुंभारमाठ येईपर्यंत त्या पिशवी तोंडाशी धरून बसायच्या. ह्यांना ते बघवेना. ह्यांची सगळी नोकरी बोटीवर गेली, इंजिनरूममध्ये तेलपाणी बघण्यात. त्याआधी लहानपण वडिलांबरोबर होडीत. जिथून गळतं ते भोक बुजवायचं, हे ह्यांच्या हाडात मुरलेलं. एका रविवारी ह्यांनी डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढली आणि आत डोकं घातलं ते जेवायलासुद्धा बाहेर काढलं नाही. संध्याकाळी हात पुसत आले.

"झाला. आता वास येयत तर नाव बदलीन."

वास खरंच गेला. त्या मंगळवारी वयनींनी पिशवी उघडलीच नाही. कापलेली शेतं, गवताच्या उडव्या बघत होत्या. किती दिवसांनी त्या रस्त्याकडे बघत होत्या! आणि चढ संपता संपता गाडी बंद पडली. बऱ्याच वेळाने सुरू झाली, उशिरा पोचलो, येताना कट्ट्याजवळ पुन्हा कुरकुरली. तशीच प्रीतमच्या गॅरेजात घातली. प्रीतम कट्ट्याचाच, हाताने चांगला. त्याने प्लग साफ केले, फिल्टर बदलला, बॅटरीच्या तारा घट्ट केल्या आणि बाजारातून एक फेरी मारून आणली.

"काका, लोण्यासारकी चलता. पेट्रोलात पाणी आसतला."

म्हणून ह्यांनी गुरुवारी जुनं पेट्रोल काढून टाकलं आणि दुसऱ्या पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली. शुक्रवारी गाडी आणखी अलीकडे अडली.

आता सांगताना हे सगळं एका ओळीत दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं. वास हे एक दुखणं होतं आणि ते ह्यांनी बरं केलं होतं. गाडी अडणं हे दुसरं दुखणं. या दोन्हींची गाठ घालावी असं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

शनिवारी वयनींच्या पायांवर सूज दिसू लागली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. ओरोसहून सिस्टरचा फोन आला. शुक्रवार चुकला तो चुकला, मंगळवार चुकवू नका, पाणी बेताने द्या, स्वस्थ बसल्या जागीही धाप लागली तर वाट न बघता निघा, असं तिने मला दोनदा बजावलं. अजयचा मुंबईहून फोन आला. तो म्हणाला, "काकी, मी भाड्याची गाडी ठरवतंय. नवी गाडी. तिका सांग."

मी सांगितलं. वयनी म्हणाल्या, "गाडी भाड्याची आसली तरी रस्तो तोच मां?"

"वयनी, गाडी आडली म्हणान कोण औषध सोडता?"

"मी सोडूक नाय. माका सोडूक सांगतासा कोणतरी." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तू सोमवारी देवळात जातलंस मां? माझो कौल लाव. जावचा काय नाय, ता देवाक इचार. उजवो पडलो तर मुकाट येतंय. डावो पडलो तर मगे माका कोणी काय सांगूचा नाय. अजयान पण नाय."

आमच्याकडे काही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी कौल मानते. सोमवारचा उपवास आणि देवळातल्या समईला तेल, हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. आजवर देवाने मला कधी फसवलं नाही. म्हणूनच हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवायला माझी छाती होईना. डावा पडला तर मी घरी येऊन वयनींना काय सांगणार होते? खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं सांगवलं नसतं.

"बघूया," एवढंच मी म्हटलं.

रात्रभर जप करत पडले होते, पण मन एका जागी ठरलं नाही.

रविवारी सकाळी घरची समई लावायची होती. बरणीतलं तेल संपलेलं, म्हणून पत्र्याचा नवा डबा फोडायला घेतला. एका कोपऱ्यात खिळ्याने भोक पाडलं आणि डबा बरणीवर वाकवला. थोडं तेल आलं, मग गुटुक गुटुक करत थेंबांवर आलं, आणि थांबलं. डबा भरलेला, भोक चांगलं मोठं, आणि तेल येईना. मी डबा हलवला. मग लक्षात आलं, समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडायला मी विसरले होते. इतक्या वर्षांत कधी विसरले नव्हते, पण डोकं ठिकाणावर कुठे होतं! दुसरं भोक पाडलं, आत हवा गेल्याचा बारीक आवाज आला, आणि तेलाने धार धरली.

बरणी भरून वाहायला लागली तरी मी डबा तसाच धरून उभी होते.

भरलेला डबा लवकर अडतो. टाकी भरली त्या दिवशी गाडी लवकर अडली. आणि थोडा वेळ थांबलं की डबाही पुन्हा थोडं तेल देतो; परतीला तर सगळा उतारच होता.

समई लावली, हात जोडले, आणि जमिनीवरचं तेल न पुसताच पडवीत गेले. हे चहा पीत बसले होते.

"आवो, गाडीच्या टाकीक दुसरा भोक खंय आसता?"

"टाकीक भोक?" हे हसले. "टाकीक भोक आसला तर पेट्रोल रस्त्यार वतात मां, गो."

"खालसून नाय. वरसून. तेलाच्या डब्याक दोन भोकां पाडतत तशी. एकातसून तेल भायर येता, दुसऱ्यातसून वारो आत जाता. वारो आत जाऊक नाय तर तेल येता खंयसून?"

"तुझ्या समईची नि गाडीची काय..." म्हणता म्हणता ह्यांचा कप तोंडाशीच थांबला. हळूच खाली ठेवला. समोर अंगणात गाडी उभी होती, तिच्याकडे बघत राहिले.

"विमला," हे म्हणाले. मला नावाने हाक ह्यांनी मोजक्या वेळाच मारलेली. "डिकीत एक बारीक नळी होती. टाकीच्या वरसून येणारी. ती चिरलेली, तेतूरसून वास येय होतो."

"मगे?"

"मी ती कापलंय. आणि बूच मारलंय."

"कसला बूच?"

"भेंडाच्या लाकडाचा. काथो गुंडाळून. वरसून होडयेक लायतत ती पुटी." जरा थांबून आणखी बारीक आवाजात म्हणाले, "झाकणातसून पण वायच वास येय होतो. थंय सायकलच्या ट्यूबचो वायसर कापून बसवलंय."

"म्हणजे टाकीचा नाक पण दाबलात नि तोंड पण."

"होडी केलंय मी तिची," हे म्हणाले. चेहरा पार उतरला होता.

हे तडक पक्कड घेऊन उठले. मी अडवलं. "आताच काढू नका."

"कित्याक? माझ्या हातान मारलेला, माझ्याच हातान काढतंय."

"काढल्यार गाडी चलात. पण वयनी म्हणतली, देवाचा मन बदालला. आदी बूच तसाच ठेवून जावया. आडली की मगे उघडया. आपणाक कळाक होया, आणि तिका सांगूक तोंड होया."

हे माझ्याकडे बघत राहिले. "बोटीवर आसतंस तर चीफ इंजिनेर झाली आसतंस गो तू."

"बोटीवर सोवळा कोण पाळतला?" मी म्हटलं.

आम्ही दोघंच निघालो. वयनींना सांगितलं, कट्ट्याला जाऊन येतो. गाडी अडावी म्हणून मी देवाचं नाव घेत बसले होते. असं मागणं मी पहिल्यांदाच मागत होते. कुंभारमाठ गेलं. गाडी चालत होती. हे कान देऊन ऐकत होते, मीसुद्धा, जसं काही तिच्या पोटातलं ऐकू येणार होतं. चौक्याचा चढ सुरू झाला, आणि गाडीने पहिला आचका दिला.

"इला," हे म्हणाले. आनंदाने म्हणाले!

दुसरा आचका, तिसरा, आणि गाडी बंद. ह्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली. किल्ली फिरवून बघितली, तेच खोकणं. मग खाली उतरले, मीही उतरले. मागच्या चाकाच्या वर टाकीचं झाकण. ह्यांनी त्याला हात घातला, पण ते फिरेना, आतून कोणी ओढून धरल्यासारखं बसलेलं. ह्यांनी पदर मागितला, पदराने पकडून जोर लावला आणि झाकण जरासं फिरलं.

सुस्स्!

लांबलचक आवाज. बाहेरची हवा आत शिरत होती. शंख फुंकणारा माणूस मध्येच श्वास घेतो, तसा. मी झाकणाजवळ हात नेला तर तळव्याला ओढ जाणवली. आवाज संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो. एक दुचाकीवाला थांबला, "काय झाला, काका?" म्हणाला. हे म्हणाले, "काय नाय रे, गाडी उसासो टाकता."

मग आत बसून किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू झाली. थंड व्हायला लागली नाही, थांबायला लागलं नाही.

हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता हसतील. पण ह्यांचे डोळे भरलेले.

"वासान तिका उलटी येता म्हणान केलंय मी," हे म्हणाले. "तिका वायच बरा वाटाक होया, इतक्याच मनात होता. आणि तीच आता मराक बसली, ह्या बुचापायी."

"मराक बसली नाय. मंगळवार अजून उजाडाक नाय," मी म्हटलं.

झाकण अर्धवट सैल ठेवून आम्ही जपून कट्ट्याला गेलो. प्रीतमचं गॅरेज रविवारी बंद, पण घर मागेच. तो लुंगीवरच बाहेर आला. ह्यांनी डिकी उघडून दाखवली. प्रीतमने बॅटरी मारून आत बघितलं, बुचावर बोटाने टकटक केलं आणि ह्यांच्याकडे वळून बघितलं.

"काका, होडी करूची होती तर सांगूचा. वल्ही लावून दिली आसतंय."

"हस बाबा. तुका हसाचो हक्क आसा."

"हसतंय खंय, काम किती पक्का केलास ता बघतंय. ह्या बूच काढूक माझो घाम निघतलो." आणि मग डोकं खाजवत, "चुकलंय मी पण. तुमी म्हणालास इंजिन बंद पडता, म्हणान मी फुडचीच बाजू बघित रवलंय. बाजारात फेरी मारलंय, ती केवडीशी! इतक्यात टाकी कित्याक आडता?"

बूच निघायला खरंच वेळ लागला. पुटी फोडली, काथ्या उकलला, आणि शेवटी सुरीने लाकूड उभं चिरून काढावं लागलं. प्रीतमने नवी नळी आणून बसवली, पूर्वी होती तशी डिकीच्या बाहेर खालच्या अंगाला सोडली, म्हणजे वास आत येणार नाही आणि टाकीला श्वासही घेता येईल. झाकणाचा ट्यूबचा वायसर काढून नेहमीचा घातला. मग आम्ही तिघं गाडीत बसून कसालपर्यंत गेलो आणि परत आलो. मध्ये दोन चढ. गाडी कुठे अडखळली नाही. मी खिडक्या मुद्दाम बंद ठेवून नाक लावून बसले होते. वास नव्हता.

बुचाचे तुकडे हे कचऱ्यात टाकणार होते. मी ते रुमालात बांधून घेतले.

सोमवारी सकाळी फुलं आणि तेल घेऊन देवळात गेले. बाळा गुरव वाटच बघत होता. वयनींनी त्याला परस्पर निरोप धाडलेला.

"काकी, कौल लावूचो मां? पाकळ्यो भिजवून ठेवलंय."

मी समईत तेल घातलं, वात पुढे केली. देवाच्या मुखाकडे बघितलं. काल सकाळपर्यंत मी घाबरत होते. आता घाबरत नव्हते, पण विचारावंसंही वाटेना. बूच आम्ही मारायचं, आळ देवावर घालायचा, आणि पुन्हा त्यालाच विचारायला उभं राहायचं, हे मला बरं दिसेना.

"आज नको, बाळा."

"मगे तिका काय सांगतलास?"

"खरा ता सांगतंय."

वयनी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की धाप लागत होती. मला बघताच त्यांनी विचारलं, "उजवो काय डावो?"

"लावूक नाय."

"लावूक नाय?" त्यांचा आवाज चढला. "इतक्या एक काम सांगितलंय तुका, ता पण नाय केलंस?"

मी रुमाल सोडून बुचाचे तुकडे त्यांच्या मांडीवर ठेवले. काळं पडलेलं लाकूड, पेट्रोलचा उग्र दर्प, काथ्याचे तुटके धागे. आणि सगळं सांगितलं. वास, नळी, बूच, तेलाचा डबा, चौक्याच्या चढावरचा तो लांब उसासा. हे दाराबाहेर पायरीवर बसले होते, पाठमोरे. आत यायचा धीर नव्हता.

वयनींनी एक तुकडा उचलून नाकाशी नेला आणि चटकन लांब धरला.

"गंगाराम!"

"काय?" पायरीवरून.

"हंय ये. फाट दाखवन कोणाक बसलंस?"

हे येऊन उभे राहिले. वयनी त्यांच्याकडे बघत होत्या, आणि मग हसायलाच लागल्या. हसता हसता धाप लागली, मी पाठ चोळली, तरी हसत होत्या.

"मेल्या, माका ओकारी येता म्हणान तू गाडीचो जीव आवळलंस?"

"चुकलंय, वयनी."

"लहान आसताना पण असोच. कोंबडेक थंडी लागता म्हणान गोणपाटात बांधून ठेवलेलंस. आठावता?"

"ती वाचली होती," हे म्हणाले.

"मी सोडवलंय म्हणान वाचली!"

मला वाटलं, झालं, आता येतील. पण वयनींचं हसू ओसरलं. त्या लाकडाच्या तुकड्यांशी चाळा करत बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विमला, तुका एक सांगू? शुक्रवारी गाडी आडली मां, तेवा माका बरा वाटला. वाटला, आज नाय जावक होया. त्यो सुयो नको, तो यंत्राचो आवाज नको. देवाचा नाव मी मगे घेतलंय."

समजूत घालायचे सगळे शब्द मला माहीत होते, पोथीतले, कीर्तनातले. त्यातला एकही त्यांच्यापुढे काढण्यासारखा वाटला नाही. मी पाय दाबत राहिले. सुजेवर माझ्या बोटांचे खळगे पडत होते.

हेच बोलले. खाटेशी खाली बसले, लहान मुलासारखे.

"तू येव नको, वयनी, दमलंस तर. तुका कोण जबरदस्ती करता? पण आता नाय येशीत तर माका जन्मभर वाटतला, माझ्या बुचान झाला. तू किती सांगलंस तरी वाटतला."

"म्हणजे तुका बरा वाटाक होया म्हणान मी सुयो टोचून घेवच्यो?"

"होय," हे म्हणाले.

अगदी सरळ म्हणाले. मला लाजच वाटली. आजारी माणसाशी असं कोणी बोलतं का? पण वयनींनी हात लांब करून ह्यांच्या डोक्यावरचे विरळ केस सारखे केले.

"तेल लावणस नाय वाटता डोक्याक," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता निघूचा?"

मंगळवारी उजाडतानाच निघालो. वयनींना पुढच्या सीटवर बसवलं, मागे उशा लावून. धाप होती, म्हणून हे जपून चालवत होते. कुंभारमाठ गेलं आणि वयनींनी दोनदा हवा हुंगून बघितली. पिशवी मांडीवर मिटलेलीच राहिली. चौक्याचा चढ आला. मी मनातल्या मनात नाम घेत होते. ह्यांची मान पुढे आलेली. वयनींनी समोरची कड हाताने घट्ट धरली होती. गाडी अडली तर बरं, असं अजून त्यांना वाटत असेल तर?

शुक्रवारी अडलो होतो ते झाड मागे पडलं. गेल्या मंगळवारी अडलो होतो ते वळण आलं, आणि गेलं. चढ संपला.

वयनींनी हात सोडला. "एवडो सावकाश कित्याक चलवतंस?" त्या म्हणाल्या. "तो बघ ट्रक फुडे गेलो."

ओरोसला सिस्टर दारातच भेटली. सुजलेले पाय बघून तिने वयनींना चांगलं ओरडून घेतलं, आणि वयनींनी ते मुकाट्याने ऐकलं. पाणी जास्त साठलं होतं म्हणून नेहमीपेक्षा वेळ लागणार होता. मी बाहेर बाकावर माळ घेऊन बसले. हे मधूनमधून खाली जाऊन गाडीकडे बघून येत होते, गाडीला ताप आल्यासारखे.

दुपारनंतर वयनींना बाहेर आणलं. चेहरा फिकट, ओठ कोरडे, पण श्वास नीट चालला होता. एरवी परतताना त्या कट्टा यायच्या आत झोपून जात. त्या दिवशी मागे माझ्याशेजारी डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या नव्हत्या. मी पदर त्यांच्या खांद्यावर घातला तशा डोळे न उघडताच म्हणाल्या,

"विमला, थंयली उशी दगडासारकी आसा गो. मान आडकून जाता."

"मगे?"

"शुक्रवारी घरातली घेव या. ती शेवरीच्या कापसाची, निळ्या खोळीची. खोळ धुवन घाल."

"घालतंय," मी म्हटलं.

घरी पोचल्यावर त्यांना खाटेवर निजवलं. मग माडीवरून ती उशी काढली, खोळ उतरवली. ऊन अजून अंगणात होतं. धुऊन घातली तर उद्यापर्यंत नक्की वाळणार होती.